‘फक्त टेन्शन असलं की घेतो’

पत्र असं आलंय, थोडं कापून देते:

‘ताई, माझं वय 20, थर्ड इयर इंजिनिअरिंगला आहे, संभाजीनगरात रूम करून राहतो, गाव परभणीकडं. फर्स्ट इयरला कुणाच्या बर्थडेला बिअर व्हायची तेवढीच. आता चार बॅकलॉग आहेत आणि टेन्शन आलं की क्वार्टर लागते, आठवड्यातनं तीन-चार वेळा तरी. झोप नाही आली तर रूममेटकडं झोपेच्या गोळ्या असतात त्यातली अर्धी घेतो. मागं व्हायव्हाच्या सकाळी हात थरथरायले म्हणून थोडी घेऊन गेलो, व्हायवा बरा गेला. घरी सांगितलंय की सगळे विषय सुटलेत. आई रोज आठला फोन करते, घेतलेली असली की उचलत नाही, लायब्ररीत आहे असा मेसेज टाकतो. मी काही बेवडा नाही, माझा चुलता होता, सकाळपासून पडलेला असायचा, मी फक्त टेन्शन असलं की घेतो. कधीकधी वाटतं सकाळी उठूच नये. मित्र म्हणतो माळ घाल. एसटी स्टँडवर दारू सोडवायच्या औषधाचा नंबर चिकटवलेला असतो, ते मागवू का? आणि रूम बदलू का? नाव छापू नका.’

नाव नाही छापत. पण तू ज्या क्रमानं लिहिलंस त्या क्रमानं उत्तर नाही देणार. आधी ती ओळ घेते जी तू मध्येच टाकून पुढं निघून गेलास, सकाळी उठूच नये वाटतं ती. सरळ विचारते, जीव द्यायचा विचार येतो का? असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरतो असं लोकांना वाटतं, तसं काही होत नाही, उलट कुणीतरी विचारलं की माणूस मोकळा होतो. उत्तर हो असलं, किंवा नीट सांगता येत नाही असं असलं, तर बाकीचं नंतर वाच, आधी 14416 ला फोन लाव. टेली-मानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, 2022 पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, रात्री दोनला पण लागतो आणि मराठीत बोलता येतं. त्या रात्री रूमवर एकटा थांबू नको, कुणालाही म्हण आज माझ्याजवळ झोप, कारण सांगायची काही गरज नाही. आणि त्या रात्री दारू तर अजिबात नको, कारण असा विचार एरवी येतो आणि जातो, पण प्यालेल्या माणसाला तो जाईपर्यंत दम धरायचं भान राहत नाही.

दुसरं गोळीचं. दारू श्वास मंद करते, झोपेच्या बऱ्याच गोळ्या पण तेच करतात, अल्प्राझोलमसारख्या तर नक्कीच, आणि दोन्ही एकत्र पोटात गेल्या की त्यांचा हिशेब साध्या बेरजेचा राहत नाही. रात्रीत उलटी झाली तर घशात अडकते, पोराला कूस बदलायची शुद्ध नसते आणि बाजूच्या कॉटवरच्याला वाटतं हा घोरायलाय. अर्धीच घेतो हे म्हणू नको. गोळी आजपासून बंद, आणि रूममेटला पण सांग की मागितली तरी देऊ नको.

आता निवांत बोलू.

तू म्हणतोस फक्त टेन्शन असलं की घेतो, आणि तुला वाटतंय ही जमेची बाजू आहे. मला त्याचीच जास्त काळजी वाटायली. बर्थडेला पिणाऱ्या पोराला पुढच्या बर्थडेची वाट बघावी लागते, तुला कशाची वाट बघायची? चार बॅकलॉग, सबमिशन, अटेंडन्स, रिझल्टची लिंक, घरनं येणारा फोन, टेन्शन तर रोजच आहे. मजेसाठी पिणाऱ्याला मजा आली की तो थांबतो तरी, टेन्शनसाठी पिणाऱ्याचं टेन्शन सकाळी तिथंच उभं असतं. म्हणून महिन्यातनं एकदाची आठवड्यातनं तीन-चारदा झाली, तू काही वेगळं केलं नाहीस, ते असंच वाढतं.

क्वार्टर म्हणजे किती हे बाटलीवरच छापलेलं असतं, एकदा उजेडात धरून वाच. 180 मिली, 42.8 टक्के. म्हणजे शुद्ध अल्कोहोल 77 मिली, वजनात साधारण 60 ग्रॅम. डॉक्टर लोक 10 ग्रॅमला एक ड्रिंक मोजतात, म्हणजे तुझी ‘एक’ क्वार्टर ही सहा ड्रिंक झाली, प्लास्टिकच्या ग्लासात बिसलेरी घालून घालून तू ती दोन तास पुरवलीस तरी सहाच. लिव्हर तासाला 7 ते 10 ग्रॅम एवढंच उरकतं आणि त्याला घाई करता येत नाही, लिंबू पिळा, कॉफी प्या, गार पाण्यानं आंघोळ करा, ते आपल्या चालीनंच चालतं. रात्री बाराला संपवलेली क्वार्टर सकाळी सात-आठपर्यंत अंगात राहू शकते, आणि तू आठच्या प्रॅक्टिकलला जालना रोडनं गाडीवर जातोस. गाडी चालवताना 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर सापडलं की गुन्हा आहे, पहिल्याच वेळी 10,000 दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत जेल, नाहीतर दोन्ही, आणि रात्रीची होती साहेब असं म्हटल्यानं कुणी सोडत नाही. तसं तर आपल्या राज्यात दारूला 25 वर्षं लागतात, बिअरला 21, वरून परवाना. दुकानवाला विचारत नाही तो भाग वेगळा.

बरं, घेतल्यावर बरं वाटतं का? वाटतं ना, वाटत नसतं तर कुणी प्यालंच नसतं, हे मी नाकारत नाही. डोक्यात शांत करणारी रसायनं असतात आणि धावपळ करवणारी असतात, दारू पहिलीला जोर देते आणि दुसरीला दाबते, म्हणून छाती हलकी होते, एम-थ्री, तो गणिताचा पेपर, गेला चुलीत वाटतं. पण उतरायला लागली की दाबलेलं उसळून वर येतं. रात्री तीन-चारला खाडकन जाग येते, छाती धडधड करायलीय, तोंड कोरडं, आणि त्या टायमाला सगळे बॅकलॉग एकदम अंगावर येतात. आठव बरं, येते का नाही जाग? ते टेन्शन कॉलेजनं दिलेलं नसतं, त्यातलं निम्मंअर्धं रात्रीच्या क्वार्टरचंच असतं. आपल्याकडं ऊसतोडीला जायच्या आधी मुकादमाकडनं उचल घेतात बघ, आज हातात पैसा येतो आणि मग सगळा सीझन ती फेडण्यात जातो, फिटली नाही तर पुढच्या सालावर चढते, तसं आहे हे. आठ वाजताचा निवांतपणा तू पहाटेच्या खात्यावर उचललायस.

आणि अभ्यासाचं ऐक. दिवसा वाचलेलं रात्री झोपेत पक्कं होतं, दारूनं लागते ती झोप लवकर लागते पण तुटक असते, स्वप्नाची जी झोप असते ती कमी होते आणि उत्तररात्री सगळं विस्कटतं. म्हणजे तू पाच तास बसून जे वाचलंस त्याच्यावर रात्री पाणी ओतायलास आणि पेपरात आठवत नाही म्हणून परत टेन्शन. बॅकलॉगमुळं दारू का दारूमुळं बॅकलॉग हे मला विचारू नको, आता दोन्ही एकमेकांना धरून आहेत.

आता चुलता. मी तसा नाही म्हणतोस, पण चुलता काय पहिल्या दिवसापासून सकाळी पीत होता का? त्याला कुणी बावीस-तेविसाव्या वर्षी विचारलं असतं तर तो पण म्हणाला असता, रोज थोडीच घेतो, रान पिकलं नाही की घेतो. आणि सकाळी घेतलेली तुझी पण झाली की एकदा, व्हायव्हाच्या दिवशी. व्हायवा बरा गेला हे तर मला सगळ्यात वाईट झालेलं वाटतं, कारण डोक्यानं नोंद करून ठेवली की अवघड काम असलं की आधी घ्यायची. घरात रक्ताच्या नात्यात कुणाला व्यसन असलं की पोराला लागायची शक्यता जास्त असते, या व्यसनात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा धरतात. म्हणजे नशिबात आहे असं नाही, पण रूमवरच्या दुसऱ्या पोराला जेवढी पचते तेवढी मला पण पचेल हा हिशेब तुला लागू नाही.

डॉक्टर चार साधे प्रश्न विचारतात, तू मनातल्या मनात दे उत्तरं. कमी करावी असं कधी वाटलं का? कुणी बोललं की राग येतो का? घेतल्याचं मनाला खातं का? सकाळी उठल्यावर हात थांबावेत म्हणून, उतरावी म्हणून घेतली का? दोनाला जरी हो आलं तरी दाखवून घ्यायला पाहिजे असं समजतात. तुझ्या पत्रातच मला दोन हो दिसायलेत, ते पण तू विचार न करता लिहिलेले.

त्या थरथरीबद्दल मात्र नीट वाच. व्हायव्हाच्या भीतीनं हात कापणं वेगळं. पण काही नसताना, सुट्टीच्या दिवशी, आदल्या रात्री घेतली नाही म्हणून सकाळी हात कापत असले, घाम फुटत असला, मळमळ, जीव घाबरा होत असला, तर आपल्या मनानं एकदम बंद करू नको, आधी डॉक्टरकडं जा. शरीराला सवय लागलेली असली आणि एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भ्रम होऊ शकतो, यात माणसं दगावतात. डॉक्टर गोळ्यांवर हळूहळू उतरवतात. तसं काही होत नसलं तर आज बंद केली तरी चालते.

आता मुद्द्याचं. तुझ्या सगळ्या पत्रात मला एक वेळ दिसायली, आठ वाजताची. तुला वाटतंय दारू बॅकलॉगसाठी आहे. मला नाही वाटत. बॅकलॉग तर संभाजीनगरच्या निम्म्या पोरांना असतात, एम-थ्रीनं काय एकट्या तुलाच धरलंय का. तुझं टेन्शन हे आहे की घरी सगळे सुटलेत असं सांगितलंय आणि रोज आठला ते खोटं परत एकदा सांभाळायचं असतं, आई विचारणार जेवलास का, अभ्यास कसा चाललाय, आणि तिच्या आवाजापुढं तुला बोलता येत नाही. मग साडेसातला क्वार्टर फोडली की फोन न उचलायला कारण मिळतं. चार विषय एका रात्रीत सुटणार नाहीत, ते खोटं मात्र एका दिवसात सुटतं, आणि मला वाटतं ते सुटल्याशिवाय दारू सुटणार नाही, सुटली तरी टिकणार नाही.

म्हणून गावी जा. फोनवर सांगू नको, फोनवर आईला तुझं तोंड दिसत नाही आणि ती रात्रभर नको नको ते चिंतत बसेल. शनिवारी दुपारच्या गाडीत बस, जालना, सेलू, मानवत रोड करत परभणीला उतर. रविवारी सकाळी, वडील रानात गेल्यावर, आधी आईला. लांबण लावू नको. ‘आई, माझे चार विषय राहिलेत. सुटलेत म्हणून खोटं बोललो. दोन या परीक्षेला काढतो, दोन पुढच्या सेमला.’ एवढंच. वडलांना ती कधी आणि कसं सांगायचं ते तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. वडील ओरडतील, सोयाबीनचे पैसे कुठं कुठं कमी करून फीला लावले ते काढतील, तेव्हा मान खाली घालून ऐकून घे, उलट बोलू नको आणि त्यांच्यापुढं शपथा पण घेऊ नको.

दारूचं त्याच दिवशी सांगू का? यावर काही लोक मला बोल लावतील, पण माझं मत आहे की नको. ज्या घरात चुलत्याचं बघितलंय त्या घरात दारू शब्द निघाला की बॅकलॉग बाजूला राहील आणि सोमवारी शिक्षण बंद करून तुला रानात उभं करतील. आधी विषयांचं सांग. दारूचं एका मोठ्या माणसाला सांग, मामा असेल, थोरला चुलतभाऊ असेल, ज्याच्या पोटात राहतं असा. सावरलास की घरी पण सांग, पण ते तू ठरवशील तेव्हा.

तिकडं जायच्या आधी कॉलेजात टीचर गार्डियन किंवा मेंटॉर जो कुणी दिलेला असतो त्याला गाठ, चारातले सोपे दोन कोणते ते ठरव, आणि एखादा सीनियर बघ ज्यानं तोच विषय दोनदा-तीनदा देऊन काढलाय, टॉपरपेक्षा तो चांगला शिकवतो.

सोडताना मोजून-मापून कमी करतो म्हणू नको, तुझ्यासारख्याला एक पेग घेऊन बाटलीचं झाकण लावणं जास्त अवघड जातं, पूर्ण बंदच कर. साडेसातच्या आधी पोटभर जेव, भुकेल्या पोटी तलफ दुप्पट वाटते, आणि मेसच्या भाजीला नावं ठेवत डबा न उघडताच झोपायची जी सवय लागलीय ती मोड. आठला आईचा फोन उचल, किंवा पावणेआठला तूच लाव, आईशी बोलायचंय म्हटलं की त्याच्या आधी घेता येत नाही, एवढा साधा उपाय मला तरी दुसरा सुचत नाही. तलफ आली की ती वीस-तीस मिनिटं जोरात असते, मग उतरते. तेवढ्या वेळात रूमच्या बाहेर पड, पण वाईन शॉपवरनं जाणारा रस्ता सोडून. खिशात रोख ठेवू नको, फोनमधलं पेमेंट ॲप महिनाभर काढून टाक. पोरं म्हणाली चल बसू, तर गोळ्या चालू आहेत म्हण, खोटं असलं तरी चालतं, या खोट्याला माझी परवानगी आहे. त्यांच्यात जाऊन थम्सअप घेऊन बसतो असलं शौर्य पहिला महिनाभर तरी करू नको, चकन्यासाठी गेलेला माणूस चकन्यावर थांबत नाही.

आणि हे पण ऐकून ठेव की पहिले सात-आठ दिवस झोप नीट येणार नाही आणि आली तर विचित्र स्वप्नं पडतील, इतके दिवस दबलेली स्वप्नाची झोप भरून निघायली म्हणून. तेव्हा असं वाटेल की दारूच बरी होती. सकाळी गोगाबाबा टेकडीवर चढून ये, पाय दुखले की रात्री झोप येते. एखाद्या दिवशी घेतलीच तर दुसऱ्या दिवशी परत बंद कर, आता तुटलंच म्हणून आठवडाभर पीत बसायचं नाही.

माळेचं विचारलंस. माळ घालून सुटलेली माणसं आपल्याकडं बक्कळ आहेत, मी त्याला हसणार नाही, माळकरी आहे म्हटलं की कुणी आग्रह करत नाही आणि भजनाला बसणारी नवी संगत मिळते, ही काय लहान गोष्ट नाही. मनापासून घालावी वाटली तर घाल. पण एकट्या रूमवर कुणाच्या तरी सांगण्यावरनं घातली आणि मोडली, तर पाप केलं या विचारानं अजून पिशील. आईच्या गळ्याची शपथ तर नकोच. स्टँडवरचं औषध अजिबात मागवायचं नाही. त्या पुडीत काय असतं ते कुणाला माहीत नसतं. दारू सोडवायला डायसल्फिराम नावाची खरी गोळी आहे, ती चालू असताना दारू प्याली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, बीपी पडतं, माणसाला सांगून, डॉक्टरच्या नजरेखाली देतात. पिणाऱ्याला न कळवता भाजीत मिसळा म्हणून जे विकतात ते जीवाशी खेळायलेत.

डॉक्टरकडं जायचं तर घाटीत, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचारची ओपीडी आहे. कुणी ओळखीचं भेटलं तर काय हीच भीती असेल, तर घाटीत सकाळी एवढी गर्दी असते की सख्खा भाऊ शेजारी उभा असला तरी कळत नाही. केसपेपर काढ, आत गेल्यावर खरं सांग, किती, कधीपासून, गोळी पण सांग, सकाळची पण सांग. तुझी 18 पूर्ण आहेत, घरच्यांना आणायची गरज नाही, आणि 2017 च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानं डॉक्टरला तुझी माहिती गुप्त ठेवावी लागते, कॉलेजला कळवत नाहीत. बहुतेक लिव्हरची रक्ताची तपासणी लिहून देतील. नुसतं फोनवर बोलायचं असेल तर व्यसनासाठी वेगळा नंबर आहे, 14446, तो पण फुकट.

राहिलं रूमचं. लगेच बदलू नको, सेमिस्टरच्या मध्ये रूम शोधायची, डिपॉझिटसाठी घरमालकाशी भांडायचं, गादी-कूलर-पुस्तकं टेम्पोत घालून न्यायची, हे एक नवंच टेन्शन होईल. आधी रूममेटला सांग की महिनाभर रूमवर बसायचं नाही, बाहेर जे करायचं ते कर. तो काय म्हणतो त्यावर ठरव. हसून उडवलं, किंवा दोन दिवसांनी तुझ्यासमोरच ग्लास मांडले, तर परीक्षा संपल्या संपल्या निघ, आणि नवी रूम बघताना भाडं थोडं जास्त असलं तरी ज्या मेसमध्ये सातलाच वाढायला लागतात तिच्या जवळची बघ.